जुन्या डिलिव्हरी ड्रायव्हरनं युनियनचं सभासदत्व ठेवावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. भोसरीजवळच्या एका डेपोवर १७ वर्षं कंपनीचा टेंपो चालवणारे एक ड्रायव्हर विचारतात: "माझी नोकरी परमनंट आहे. पगार वेळेवर होतो, पीएफ कापला जातो, साहेब लोक नावानं ओळखतात. युनियनला दर महिन्याला वर्गणी जाते, करार झाला की फरकाच्या रकमेतूनही कापतात. नव्या गाड्यांवर सगळी ठेकेदाराची पोरं आहेत, ती युनियनमध्ये नाहीत. मग माझ्यासारख्या जुन्या माणसाला सभासद राहून मिळतं काय?"

मी पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यात कामगार संघटनांच्या करारांचं, चौकश्यांचं आणि कोर्टाचं काम बरीच वर्षं पाहतो आहे. त्यात वितरण कंपन्यांचे ड्रायव्हर पुष्कळ. माझं उत्तर स्पष्ट आहे: सभासदत्व सोडू नका. नव्या पोरापेक्षा तुम्हाला युनियनची गरज जास्त आहे. त्याची नोकरी गेली तर महिन्याभरात तो दुसऱ्या गाडीवर दिसतो. तुमची गेली तर १७ वर्षांची सेवा, तिच्यावर चढलेला पगार आणि हक्काच्या रजा सगळं तिथंच राहतं, आणि दुसरीकडे तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर. शिवाय कंपनीच्या हिशेबात तुम्हीच सगळ्यात महाग ड्रायव्हर असता. तुमच्या जागी ठेकेदाराचा माणूस बसवला की दर महिन्याला किती वाचतात हे कुणीतरी एक्सेलच्या शीटवर मांडलेलं असतं.

आता आधी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो, कारण काही पुढारी ती सांगत नाहीत. पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, ईएसआय (कामगार विमा) हे युनियन देत नाही, कायदा देतो. सभासद असा-नसा, पाच वर्षं सलग सेवा झाली की ग्रॅच्युइटीचा हक्क तयार होतो. कोर्टात युनियनशिवायही ती मिळते, उशीर झाला तर व्याजासकट मिळते. "युनियन सोडलीस तर ग्रॅच्युइटी बुडेल" असं कुणी म्हणालं तर ते खोटं आहे.

पण रक्कम किती मिळणार, हा प्रश्न वेगळा. तुमची पगाराची स्लिप काढा. ग्रॅच्युइटी मोजताना शेवटचं मूळ वेतन अधिक महागाई भत्ता धरतात, त्याला १५ नं गुणून २६ नं भागतात आणि सेवेच्या वर्षांनी गुणतात. समजा महिन्याचा पगार २४,००० आहे, पण त्यात बेसिक आणि डीए मिळून फक्त ९,००० दाखवलेत, उरलेले १५,००० घरभाडं, प्रवास, 'रूट अलाउन्स', 'स्पेशल' असल्या नावांखाली. १७ वर्षांची ग्रॅच्युइटी होते सुमारे ८८ हजार. तोच बेसिक-डीए करारात १८,००० ठरवून घेतला असता तर ती होते सुमारे १ लाख ७६ हजार. हातात येणारा पगार तोच, निवृत्तीची रक्कम दुप्पट. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांमध्ये भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनातच धरायचा असं ठरलं आहे. म्हणजे वरच्या उदाहरणात किमान १२,००० धरावे लागतील आणि रक्कम सुमारे १ लाख १८ हजारांवर जाईल. कायदा तुम्हाला तिथपर्यंत आणून सोडतो. तिथून १ लाख ७६ हजारांपर्यंतचं अंतर फक्त करारानं कापता येतं, आणि करार एकट्या ड्रायव्हरशी कोणी करत नाही.

पगाराच्या रचनेवर मी इतका वेळ घालवतो, कारण कराराच्या वेळी गेटवर एकच प्रश्न विचारला जातो: "किती वाढले?" साडेचार हजार वाढले की फटाके वाजतात. त्यातले चार हजार भत्त्यात टाकले हे पाच-सात वर्षांनी, कुणी रिटायर झालं की कळतं. नव्या पोराला त्याचं फारसं काही वाटत नाही. तुम्हाला वाटायला हवं.

आता मुख्य मुद्दा: तब्येत. ड्रायव्हरची नोकरी बहुतेक वेळा वयानं संपत नाही, ती डोळ्यांनी, साखरेनं किंवा मणक्यानं संपते. पहाटे तीनला गाडी भरायची, दिवसभर चढउतार, अवेळी जेवण. पन्नाशीच्या आसपास एकतरी दुखणं लागतंच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ट्रान्सपोर्टचं लायसन्स पाच वर्षांसाठी मिळतं, आणि नूतनीकरणाला नमुना १-अ चं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. डॉक्टरनं त्यावर अनफिट लिहिलं की गाडीवर बसता येत नाही. कंपनी म्हणते, ड्रायव्हर म्हणून घेतलं होतं, गाडी चालवता येत नाही, या आता.

सरकारी किंवा महामंडळाच्या चालकाला इथं कायद्याचा आधार आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार नोकरीत असताना अपंगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला त्या माणसाला काढता येत नाही, दुसरं काम द्यावं लागतं. एसटीच्या चालकाला हे लागू होतं, खासगी वितरण कंपनीच्या ड्रायव्हरला तो आधार नाही. इतकंच नाही, आम्ही ज्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याखाली इतकी वर्षं लढलो, त्यात दीर्घ आजारपणामुळे संपवलेली नोकरी 'कपात' या व्याख्येतूनच बाहेर ठेवली होती. कामगार कपातीत काढला तर सेवेच्या दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार भरपाई म्हणून मिळायचा. आजारपणानं काढला तर ती भरपाईसुद्धा नव्हती. २० वर्षं गाडी चालवून डोळे गेलेल्या माणसाच्या हातात ग्रॅच्युइटी आणि पीएफ, एवढंच यायचं.

इथं करारातलं एक कलम काय करू शकतं याचं उदाहरण द्यायलाच हवं. आंध्र प्रदेशच्या परिवहन महामंडळात २०१४ मध्ये चालक म्हणून लागलेल्या एका माणसाला रंगांधळेपणा निघाला. त्याला वैद्यकीय कारणावरून २०१६ च्या जानेवारीत घरी पाठवलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयानं त्याला पर्यायी काम देण्याचा आदेश दिला, आणि त्यासाठी आधार घेतला तो १९७९ साली युनियन आणि महामंडळ यांच्यात झालेल्या कराराचा. त्या कराराच्या १४ व्या कलमात रंगांधळ्या चालकांना दुसरं काम देण्याची तरतूद होती. ज्या पुढाऱ्यांनी ते कलम लिहून घेतलं त्यांना हा माणूस माहीतसुद्धा असणं शक्य नव्हतं. ३५ वर्षांनंतर नोकरीला लागलेल्या चालकाची भाकरी त्यांनी त्या कागदात राखून ठेवली होती. तुमच्या करारात असं कलम आहे का? माझ्या पाहण्यातल्या वितरण कंपन्यांच्या बहुतेक करारांत नसतं. मागणीपत्र तयार करणारी मंडळी तरुण असतात, त्यांना ते सुचत नाही. तुम्ही सभेत उठून मागितलंत तरच ते येईल.

युनियन कामाला येते ती दुसरी जागा म्हणजे चार्जशीट, कंपनीनं कामगाराला दिलेलं आरोपपत्र. ड्रायव्हरवर दोनच प्रकारची चार्जशीट जास्त येते, अपघाताची आणि शॉर्टेजची, म्हणजे माल कमी भरल्याची. शॉर्टेजचं एक प्रकरण सांगतो, नाव कुणाचंच घेत नाही. दुधाच्या लाइनवरच्या एका जुन्या ड्रायव्हरवर चार क्रेट कमी आल्याचा ठपका होता, आणि तसं तिसऱ्यांदा झालं म्हणून थेट 'अपहार' असा शब्द लावला होता. चार्जशीट इंग्रजीत. तो माणूस "चुकून झालं असेल साहेब, भरून देतो" असं लिहून द्यायला निघाला होता. तसं लिहिलं असतं तर तीच कबुली ठरली असती, आणि अपहार सिद्ध झाला की ग्रॅच्युइटी जप्त करण्याचं हत्यारही कंपनीच्या हाती गेलं असतं. युनियनच्या प्रतिनिधीनं चौकशीत एवढंच केलं: त्या दिवशीचं चलन मागितलं आणि गेटपास मागितला. चलनावर १२० क्रेट होते. पहाटे सिक्युरिटीनं मोजून सही केलेल्या गेटपासवर ११६. म्हणजे गाडी डेपोच्या गेटातून बाहेर पडली तेव्हाच चार क्रेट नव्हते. भरणाऱ्यांकडे चूक होती की लिहिणाऱ्याकडे, तो पुढचा प्रश्न. ड्रायव्हरचा त्यात संबंध नव्हता. चौकशी तिथंच बसली.

हे कागद मागायचे असतात हे त्या ड्रायव्हरला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असावं अशी अपेक्षाही नाही, तो गाडी चालवणारा माणूस. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना मान्यता कायद्यात तर मान्यता नसलेल्या युनियनच्या पदाधिकाऱ्यालाही आपल्या सभासदाच्या वतीनं खात्याच्या चौकशीत उभं राहण्याचा हक्क दिला आहे. वाक्यातला 'सभासद' हा शब्द पाहा. चार्जशीट आल्यावर धावत येऊन पावती फाडणारे पुष्कळ भेटतात. त्यांना कुणी हाकलत नाही, पण कंपनीचा वकील सभासदत्वाची तारीख पहिल्यांदा विचारतो. तसंच, नुकसानीची रक्कम पगारातून कापायची तर आधी कामगाराला कारण दाखवायची संधी द्यावी लागते, हा नियम १९३६ च्या वेतन अदायगी कायद्यापासूनचा आहे. तरीही शनिवारी चिठ्ठी येते आणि महिनाअखेरीला कापलेले दिसतात. जिथं युनियन जागी आहे तिथं ती चिठ्ठी निमूटपणे सही होत नाही.

अपघाताचं एवढंच सांगतो: कंपनीनं निलंबित केलं तर पहिले ९० दिवस पगाराच्या निम्मा आणि त्यानंतर चौकशी कामगारामुळे लांबली नसेल तर ७५ टक्के निर्वाहभत्ता मिळतो. तो मागून घ्यावा लागतो.

तिसरी गोष्ट, बढतीच्या रूपानं येणारी. "तुम्ही जुने, तुम्हाला आता डिलिव्हरी सुपरवायझर करतो" किंवा "ड्रायव्हर-कम-सेल्समन असं लेटर देतो". पगारात हजार-दोन हजार वाढतात. सुपरवायझर किंवा सेल्समन म्हटलं की 'कामगार' या व्याख्येतून बाहेर काढण्याची वाट मोकळी होते. कोर्ट पदनाम पाहत नाही, मुख्य काम काय ते पाहतं, हे खरं. पण ते सिद्ध करण्यात पाच-सात वर्षं जातात. याचाच मोठा भाऊ म्हणजे "गाडी तुमच्या नावावर करून देतो, कर्ज आम्ही लावून देतो, तुम्ही मालक व्हा, आमचंच काम करा". काही जणांचं त्यात भलं झालंही असेल. मी ज्यांचे हिशेब पाहिलेत त्यांच्या टायर, इन्शुरन्स आणि हप्त्यात जुना पगारही उरत नव्हता, आणि सेवा मात्र राजीनाम्यासकट संपलेली. असं लेटर आलं की सही करण्यापूर्वी ते युनियनच्या कुणालातरी वाचायला द्या. वर्गणी वसूल होण्यासाठी तेवढं एक वाचन पुरतं.

आता तुमच्या प्रश्नातलं मला सगळ्यात खुपलेलं वाक्य: ठेकेदाराची पोरं युनियनमध्ये नाहीत. तुम्ही ते सभासदत्व सोडायचं कारण म्हणून लिहिलंय. खरा धोका तिथंच आहे.

डेपोवर ४० परमनंट ड्रायव्हर होते, आता १४ उरलेत, बाकी सगळे ठेकेदाराचे, असं चित्र मी पुन्हा पुन्हा पाहतो. ते एका दिवसात झालेलं नसतं. दर कराराला कंपनी म्हणते, "जुन्यांना भरपूर देतो, नव्या भरतीचं आमच्यावर सोडा." जुने सही करतात. तीन करार झाले की गाड्या बंद पाडण्याची ताकदच उरत नाही, कारण १४ जण घरी बसले तरी माल वेळेवर पोचतो. तेव्हा व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीची योजना येते, आणि ती 'ऐच्छिक' असते ती फक्त कागदावर.

अमेरिकेत यूपीएस या पार्सल कंपनीत हेच घडत होतं. तिथले ड्रायव्हर टीमस्टर्स युनियनचे, जगातल्या सगळ्यात मजबूत ड्रायव्हर संघटनांपैकी एक. २०१८ च्या करारात कमी पगाराच्या ड्रायव्हरांची एक वेगळी श्रेणी घालण्यात आली. मतदान करणाऱ्यांपैकी ५४ टक्के सभासदांनी करार नाकारला होता. पण निम्म्याहून कमी सभासदांनी मत दिलं, आणि युनियनच्या तेव्हाच्या घटनेप्रमाणे अशा वेळी नकाराला दोन तृतीयांश मतं लागत होती. करार लागू झाला. एकच काम, एकच गणवेश, दोन पगार. नंतर सभासदांनी नेतृत्व बदललं, तो नियमही काढून टाकला, आणि २०२३ मध्ये संपाच्या तयारीनिशी बसून जो करार केला त्यात ती खालची श्रेणीच रद्द करून घेतली. सुमारे ३ लाख ४० हजार कामगारांचा तो करार ८६ टक्के मतांनी मंजूर झाला. त्या लढ्यात पूर्ण पगाराचे जुने ड्रायव्हर नव्यांसाठी उभे राहिले. खालची श्रेणी वाढत गेली तर आपली श्रेणी संपते, हे त्यांना कळलं होतं.

आपल्याकडे ठेकेदाराच्या पोरांचं काम जास्त अवघड आहे, तेही समजून घ्या. २००१ च्या सिप्ला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ठेकेदाराचा कामगार कंपनीचाच आहे हे आधी ठरल्याशिवाय १९७१ च्या कायद्याखाली तक्रार चालत नाही. आधी औद्योगिक न्यायाधिकरणात जाऊन नातं सिद्ध करायचं, मग बाकीचं. एकट्या पोराला ते झेपणारं नाही. ती लढाई युनियनच लढू शकते, आणि युनियनकडे पैसा आणि साक्षीदार तुमच्यासारखे जुने सभासद असतील तरच. गाडी कुणाची, लाइन कोण लावतं, सुट्टी कोण देतं, हे कोर्टात सांगायला सतरा वर्षं डेपोवर असलेल्या माणसाइतका चांगला साक्षीदार नाही. दरम्यान त्या पोरांना एक गोष्ट आजच सांगा: ठेकेदार बदलला की पीएफ काढून घेऊ नका, यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) तोच ठेवून ट्रान्सफर करा. दहा वर्षांच्या आत पेन्शनची रक्कम काढून घेतली की तेवढी सेवा पेन्शनसाठी पुसली जाते, आणि दहा वर्षं झाल्याशिवाय पेन्शन नाही.

तुमच्याच गाडीतला माल उतरवणारा माथाडी बघा. १९६९ च्या कायद्यानं त्याला मंडळ मिळालं, आज तो कुठल्या दुकानात हमाली करतो यावर त्याचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी अवलंबून नाही, मालकांनी भरायच्या लेव्हीतून मंडळात जमा होते. अण्णासाहेब पाटलांनी आणि त्या हमालांनी ते रस्त्यावर उभं राहून मिळवलं. त्याच गाडीच्या केबिनमध्ये बसलेल्या ठेक्याच्या ड्रायव्हरकडे त्यातलं काही नाही.

"सभासद राहीन, पण ही युनियन काय कामाची?" असंही मनात असेल. हा प्रश्न रास्त आहे. सगळ्या युनियन सारख्या नसतात. काही फक्त वर्गणी गोळा करतात, काही कंपनीच्याच खिशात असतात. तपासायला फार लागत नाही. मागच्या कराराची प्रत तुमच्या हातात आहे का? वर्षातून एकदा तरी सर्वसाधारण सभा होते का? हिशेबाच्या वह्या आणि सभासदांची यादी पाहण्याचा हक्क सभासदाला १९२६ च्या कायद्यापासून आहे, मागून बघा. टाळाटाळ झाली तर तुम्हाला उत्तर मिळालं.

आणि मान्यता कुणाकडे आहे ते पाहा. १९८२ च्या गिरणी संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे होते, पण मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे वाटाघाटींचा हक्क राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. कामगार एकीकडे आणि कायदेशीर मान्यता दुसरीकडे, यानं त्या संपाची कोंडी झाली. आता औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे एकापेक्षा जास्त युनियन असतील तर हजेरीपटावरचे ५१ टक्के कामगार जिच्याकडे ती एकटी बोलणी करते. कुणाकडेच तेवढे नसतील तर २० टक्क्यांवरच्या युनियनांची परिषद बसते. तुमच्या डेपोत हजेरीपटावर १४ जण असतील तर आठ सह्या म्हणजे बहुमत. तुमची एक सही कमी झाली की काय होतं ते हिशेब करून बघा. संपाला आता सगळ्याच उद्योगांत १४ दिवसांची नोटीस लागते, आणि निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी रजा टाकली तरी तो संप धरला जातो. त्यामुळे पूर्वीसारखं चिडून गाड्या उभ्या करायच्या भानगडीत कुणाला पडू देऊ नका.

ज्यांचा मालक अॅपच्या आत बसलेला असतो त्या स्विगी-झोमॅटोच्या मुलांचं प्रकरण पूर्ण वेगळं आहे. सात-आठ वर्षं काम करूनही त्यांच्या नावावर कायद्याच्या अर्थानं 'सेवा' जमत नाही. सामाजिक सुरक्षा संहितेत अॅग्रीगेटर कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के निधीत द्यायचे आहेत, तेवढाच धागा सध्या आहे. त्यावर स्वतंत्रपणे लिहावं लागेल.

तुमच्यापुरतं आता काय करायचं ते सांगतो. नेमणुकीचं पत्र, दर वर्षाची एकतरी पगाराची स्लिप, पीएफचं पासबुक आणि वर्गणीच्या पावत्या एका फाइलमध्ये लावा आणि फाइल घरी ठेवा, गाडीच्या डॅशबोर्डमध्ये नको. पुढच्या मागणीपत्राच्या सभेला जा आणि तीन मागण्या लिहून द्या: वाढीतला किमान निम्मा भाग बेसिकमध्ये, वैद्यकीय कारणानं गाडी सुटली तर त्याच पगारावर डिस्पॅच किंवा स्टोअरमध्ये काम, आणि परमनंटची जागा रिकामी झाली की ती डेपोवरच्या सगळ्यात जुन्या ठेक्याच्या ड्रायव्हरला. तिसरी मागणी लिहिताना त्या पोरांपैकी दोघा-तिघांना शेजारी बसवून घ्या आणि ते किती वर्षांपासून लाइनवर आहेत, त्यांच्या तारखा त्यांच्याच तोंडून लिहून घ्या.